देवाजीभाऊंच्या पोटातला गोळा

पार्बतावहिनी पितळी ताटावर पळी आपटायच्या आणि आमच्या गल्लीतली विधानसभा संपायची.

खरी विधानसभा भोपाळला. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरला समोरच्या अंगणात तिची तालीम व्हायची. तुळशीपाशी हात मागे बांधून उभे राहिलेले देवाजीभाऊ, म्हणजे आमच्या भागाचे आमदार. ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या पार्बतावहिनी, म्हणजे त्यांची बायको आणि माननीय अध्यक्ष. भाऊ बोलायला लागले की वहिनी जुडी सोडत. जुडी निवडून झाली की वेळ संपला. भाऊंचं वाक्य कुठंही असो, पळीच्या ठणक्यानं तिथंच तुटायचं.

"अवं, मुद्दा तं येऊ दे!"

"भोपाळवाला थांबते काय तुमच्या मुद्द्यासाठी? बसा खाली."

आणि भाऊ खरंच बसायचे. तुळशीच्या कट्ट्यावर, पडलेल्या तोंडानं, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नवी सून. नागपूरहून आलेली, बी. ए. झालेली, हिंदीच्या निबंधात बक्षीस मिळवलेली आणि त्या बक्षिसाचा कप माहेराहून ट्रंकेत घालून आणलेली. मुलींच्या शाळेत नोकरी लागल्यावर तर मला वाटायला लागलं, की सौसर-पांढुर्ण्याच्या अडाणीपणावर देवानं माझी खास नेमणूक केली आहे. आज तो कप माझ्या नातवाचं दाढीचं पाणी ठेवायला कामी येतो. त्याहून जास्त त्याची लायकी नव्हती, माझीही नव्हती. पण तेव्हा हे सांगायला गेलं असतं कोणी, तर मी त्याच्या बोलण्यातल्या चुका काढल्या असत्या.

भाऊंचं हिंदी असं होतं की मला दात दुखल्यासारखं व्हायचं. मी त्यांना भाषणं लिहून द्यायला लागले. एकदा कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे 'तत्पश्चात' म्हंजे काय व?"

"मग. त्यानंतर."

"मंग 'फिर' लिव्ह ना. अध्यक्षाले 'फिर' समजत नाही काय?"

"भाऊ, सभागृहाची एक गरिमा असते."

"असन बापा," भाऊ म्हणाले. कागद चौघडी करून खिशात ठेवला. माझे असे सगळे कागद त्या खिशात गेले. त्यातला एकही कधी सभागृहात उघडला गेला नाही. वहिनींनी सांगितलं, गाडीत सीटवर बसायच्या आधी भाऊ त्यानं धूळ झटकतात.

भाऊ भित्रे होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्या माघारी जे लोक त्यांना वाघ-बिघ म्हणाले, त्यांनी त्यांना पांढुर्ण्याच्या फलाटावर पाहिलेलं नव्हतं. भोपाळची गाडी पांढुर्ण्याहून. सौसरहून ते इतक्या लवकर निघायचे की आधीची गाडीही मिळाली असती. फलाटावर खिसा चाचपायचा, पास आहे का बघायचं, नळावर पाणी प्यायचं, पुन्हा खिसा चाचपायचा. हमाल हसायचे. "साहेब, गाडी येते, कुठी जात नाही," म्हणायचे. सभागृहात त्यांची जागा शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. पक्षातल्या मोठ्यांना त्यांचं नावही धड आठवत नसे. बोलायला उठायच्या आधी ते शाळेतल्या पोरासारखा अर्धा हात वर करायचे, म्हणजे नाही दिसला तर खाली घेता येईल.

पण बोलायचे कशावर? बसस्टँडवर बायांसाठी आडोसा नाही यावर. चहाच्या हॉटेलात काही लोकांसाठी दांडी तुटलेले कप वेगळे ठेवतात यावर. बाजाराच्या दिवशी दारूचं दुकान शाळेसमोर उघडतं यावर. रस्ते, पूल, धरणं हे पुढच्या बाकांचे विषय. त्यांना टाळ्या मिळतात. भाऊंच्या विषयांना हशा मिळायचा, आणि सौसरला परतल्यावर शिव्या. हॉटेलवाल्यानं तर त्यांना चहा द्यायचाच बंद केला होता.

"मग कशाला बोलता?" मी एकदा विचारलं. "सोपे विषय नाहीत का?"

त्यांनी पोटावर हात ठेवला. "इथं गोळा येते. पोटात गोळा आला म्हंजे समजाचं, गोष्ट खरी हाय. ज्यानं पोट हालत नाही, ते बोलाले दुसरे लोकं हायेत."

मला वाटलं, यांना वाताचा त्रास आहे. मी ओवा-काळं मीठ सुचवलं.

*

लग्नांचा गोळा त्यांच्या पोटात कधीपासून होता, ते मला वहिनींनी सांगितलं. भाऊंनी ते कधी सांगितलं नाही.

आमच्या भागात लग्नसराई म्हणजे आमदाराची परीक्षा. ज्याच्या मांडवात आमदार आला नाही, त्याच्या घरची मतं गेली असं समजायचं. एका दिवशी इकडे मोहगाव, तिकडे सावरगाव, मधल्या सगळ्या वाड्यावस्त्या. मांडवाशी जीप थांबली की लाउडस्पीकरवाला ओरडणार, "आमदारसाहेबांचं आगमन झालेलं हाय!" मग टोपी-शेला-नारळ, मग अक्षता, मग पंगत. भाऊ निवडून आले त्या पहिल्या सराईत त्यांनी खाल्लेल्या बुंदीनं त्यांना पुढं जन्मभर बुंदीचा वासही सहन होईना.

त्याच सराईत सावरगावकडच्या एका लग्नात त्यांनी अशाच मूठभर अक्षता टाकल्या, माइकवरून नवरीला 'अष्टपुत्रा हो' म्हणाले आणि पुढच्या मांडवाकडे निघाले. पुढच्या वर्षी कोणा कार्यकर्त्याला बघायला दवाखान्यात गेले, तर व्हरांड्यात त्या पोरीचा बाप उकिडवा बसलेला. आत पोरगी. पहिलंच बाळंतपण, अंगानं अजून लहान. भाऊ थांबले. काही वेळानं नर्स बाहेर आली आणि बापाला बोलावून घेऊन गेली. परत आला तेव्हा तो रडत नव्हता. भाऊंकडे बघून एवढंच म्हणाला, "साहेब, तुमीच तं आशीर्वाद देल्ला होता."

"भांडला असता तं बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. "तो भांडला नाही. तवापासून यायले लग्नाच्या पंगतीचा पाट दिसला की घाम येते."

कायदा होता. पोरीला अठरा पूर्ण पाहिजेत, हे शाळेच्या भिंतीवरही रंगवलेलं होतं. भाऊ म्हणायचे, "कायदा भोपाळात राहते, पोरगी मोहगावात. दोघायची भेट कोन घालून देईन?"

*

ती भेट घालायला भाऊ उभे राहिले, त्या दिवशी मी तिथं होते. महिला आणि बालकल्याणावर चर्चा होती. वहिनींनी कधी भोपाळ पाहिलेलं नव्हतं, म्हणून मला सोबत घेतलं. मी काळा चष्मा लावून दर्शक दीर्घेत, म्हणजे वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात, बसले. आत ऊन नव्हतं. पण मला वाटलं, भोपाळला असंच बसतात. वहिनी पदर घट्ट धरून खाली वाकून भाऊंना शोधत होत्या.

"ते काय, खांबामागं. टक्कल दिसून राहिलं."

पुढचे बाक बोलून गेले, जेवायची वेळ झाली, लोक उठायला लागले, तेव्हा अध्यक्षांना भाऊंचा अर्धा हात दिसला. दोन मिनिटं मिळाली. माझा कागद त्यांच्या खिशात होता. 'नारी राष्ट्र की आधारशिला है' अशी त्याची सुरुवात होती. भाऊंनी खिसा चाचपला, पण कागद काढला नाही.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "हमारे उधर लड़की का फ्रॉक छूटता नहीं और मंगलसूत्र चढ़ता है।"

कोणीतरी हसलं. समोरच्या बाजूनं आवाज आला, "और आप उसी शादी में जीमते हो, नेताजी!"

सगळं सभागृह हसलं. भाऊंच्या पक्षाचेही हसले. मला वाटलं, आता बसतील. वरून दिसत होतं, त्यांनी एका हातानं बाक धरला होता आणि दुसरा पोटावर.

"सही बात है," भाऊ म्हणाले. "जीमा। बहुत जीमा। आज से नहीं जीमूँगा। अठारह से कम की लड़की पे अक्षता नहीं डालूँगा। मेरा भाई का लड़की रहेगा तो भी नहीं।"

घंटा वाजली. भाऊ बसले. हशा थांबलेला होता, पण टाळी कोणी वाजवली नाही. त्या वेळी तुमची ही विदुषी काय विचार करत होती? तर 'भाई का लड़की' नव्हे, 'भाई की लड़की'! आणि मला त्यांच्याबद्दल नाही, माझ्या कागदाबद्दल वाईट वाटत होतं.

वहिनींनी पदर सोडला. हळूच म्हणाल्या, "गेलं इलेक्शन."

*

भोपाळच्या एका पेपरात ती बातमी कोपऱ्यात आली आणि सौसरला पोचेपर्यंत मोठी झाली. त्या सराईत एक चमत्कार झाला. आमच्या सगळ्या तालुक्यातल्या नवऱ्या एकोणीस वर्षांच्या झाल्या. लग्नपत्रिकेवर नावापुढं वय छापायची पद्धत आमच्याकडं तेव्हा निघाली. चि. सौ. कां. अमुक, वय एकोणीस. अठरा कोणी छापेना. अठरा म्हटलं की खोटं वाटतं, एकोणीस म्हटलं की हिशेब केल्यासारखं वाटतं. माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, खरीखुरी. त्या सराईनंतर मला ते सांगायचीही चोरी झाली.

एका पत्रिकेवर दोन बहिणींची लग्नं एकाच मांडवात होती. दोघी एकोणीस. भाऊंनी पत्रिका घेऊन आलेल्या बापाला विचारलं, "जुळ्या होय काय?"

"नाई साहेब. एक मोठी, एक लहान."

बोलल्यावर बापाला आपण काय बोललो ते कळलं. भाऊ हसले नाहीत. त्या घरच्या म्हातारीला गाठून त्यांनी विचारलं, धाकटी कधीची? म्हाताऱ्या बाया कागदाला घाबरत नाहीत. ती म्हणाली, ज्या साली संत्र्याचे बगीचे वाळले त्या सालची. म्हणजे अठराच्या आतली. मोठी मात्र खरंच एकोणीसची निघाली. आता आली पंचाईत. मोठीवर अक्षता टाकायला हव्यात, धाकटीवर टाकायच्या नाहीत, आणि दोघी बोहल्यावर शेजारी शेजारी.

भाऊ गेले. मंगलाष्टकं चालू झाली. लोक मुठी भरून उधळत होते आणि हे एकेक दाणा चिमटीत धरून, एक डोळा मिटून, नेम धरून मोठीच्या डोक्यावर टाकत होते. मांडव हसून लोळत होता. मीही हसले. नेमकं शेवटी मागून कोणाचा तरी धक्का लागला आणि दोन दाणे धाकटीच्या खांद्यावर पडले. जीपमध्ये परत येताना मी अजून हसत होते, तर भाऊ वहिनींना विचारत होते, "खांद्यावर पडलं तं चालते का व? डोक्यावर तं नाही पडलं ना? तू पाह्यलं ना?"

वहिनी म्हणाल्या, "खांद्यावरच होते." मग मला कोपरानं ढोसलं. मी हसणं थांबवलं.

*

इलेक्शन जवळ आलं होतं तेव्हा बापूराव पोरीच्या लग्नाचं आमंत्रण म्हणून अक्षत घेऊन आले. मोहगावचे बापूराव म्हणजे भाऊंचा उजवा हात. पहिल्या निवडणुकीत दोघं एका सायकलवर फिरले होते. एक पायडल मारायचा, दुसरा मागं बसून पोस्टरांना खळ लावायचा. मोहगावची मतं बापूरावांच्या शब्दावर. बापूरावांची थोरली निर्मला त्याच निवडणुकीच्या धांदलीत जन्मलेली. बारशाला पाळण्याची दोरी भाऊंनी आणली होती.

बापूराव ओसरीवर बसले. "तुले काय वेगळं सांगू? तू पोरीचा काका होय."

"बापू," भाऊ म्हणाले, "निर्मला कितीची हाय, हे मले नको विचारू अन् तू बी नको सांगू."

"पाव्हणे सावरगावचे हायेत. संत्र्याचा बगीचा हाय. पोरगा कापसाच्या जिनिंगात नोकरीले हाय. दोन सालानं असं स्थळ भेटन काय?"

"भेटन."

"तू देतं काय लिहून?"

भाऊंनी पाण्याचा पेला उचलला. रिकामा होता, तरी तोंडाला लावला. बापूराव उठले, अक्षतेचे दाणे चौकटीवर ठेवले आणि म्हणाले, "माह्या पोरीच्या मांडवाबाहेर तू बसशील, असा दिवस नको आनू देवाजी." वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा बापूराव निघून गेले होते.

पुढं मेथीच्या कितीतरी जुड्या नुसत्याच निवडल्या गेल्या. तालीम नाही, पळी नाही. भाऊ कट्ट्यावर बसून असायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तू शिकलेली हाय. शब्द एकासाठी मोडला तं पुरा मोडते काय?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "तत्त्व अखंड असतं भाऊ." ते नुसते बघत राहिले. मला वाटलं, भारावले. आता कळतं, ते विचारत होते एक आणि मी सांगत होते पुस्तकातलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं जीपनं मोहगावला गेलो. मांडवाबाहेर चिंच होती. भाऊ तिच्या सावलीत बसले. शेला नाही, नारळ नाही, घरून आणलेला पाण्याचा तांब्या तेवढा जवळ. त्यांचा बेत साधा होता: बाहेरून हात जोडायचे, पोरगी बोहल्यावर चढली की निघायचं. पण लाउडस्पीकरवाल्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. "आमदारसाहेबांचं आगमन झालेलं हाय! आमदारसाहेबांनी मंडपात यावं!" पुन्हा पुन्हा. सगळा मांडव मान वळवून चिंचेकडं बघायला लागला.

आणि मग ते झालं जे भाऊंच्या हिशेबात नव्हतं. नवरदेवाचा बाप अडला. म्हणाला, "आमदार दारात येऊन आत येत नाही, म्हंजे आमच्यात काय खोट हाय? ते आत आल्याबिगर पोरगा बोहल्यावर चढत नाही." वऱ्हाडातले चार जण लगेच उभे राहिले. बँडवाले थांबले. भटजी सावली बघायला लागले. मुहूर्त सरत होता.

बापूराव बाहेर आले. फेटा सुटत आला होता. मला वाटलं, पाया पडतील. ते पडले नाहीत.

"लगन मोडलं तं पोरगी कुठी ठेवू सांग. तुह्या विधानसभेत?"

भाऊ उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ज्या पोरीसाठी शब्द दिला, त्या शब्दानंच तिचं नाव जाणार होतं; भरल्या मांडवातून वरात परत गेलेली पोरगी, आमच्या भागात तिला कोण विचारतं? ते मांडवाकडं गेले नाहीत. घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले. मी आणि वहिनी मागून.

निर्मला कणग्यांच्या खोलीत पाटावर बसली होती. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, आणि त्याखाली माझ्या शाळेतल्या कुठल्याही पोरीचा चेहरा. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं.

"काका, लोकं परत गेले काय?"

"नाई व माय."

"मंग तुमी आत या ना. मले भेव लागून राह्यलं."

भाऊंचा हात पोटावर गेला. "मले बी," ते म्हणाले.

आणि ते मांडवात गेले. लाउडस्पीकरवाला आनंदानं ओरडला, बँड सुरू झाला, अंतरपाट धरला गेला. वाटणाऱ्यानं भाऊंच्या हातात अक्षता दिल्या. मंगलाष्टकं झाली. प्रत्येक 'सावधान'ला सगळ्यांचे हात उडत होते. भाऊंची मूठ मिटलेली. लोक नवरा-नवरीकडं बघतच नव्हते, त्या मुठीकडं बघत होते. शेवटची टाळी झाली तरी मूठ उघडली नाही. वहिनी माझ्या दंडात नखं रुतवून उभ्या होत्या.

भाऊंनी लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माइक घेतला. इथं घंटा वाजवायला कोणी नव्हतं.

"मी जास्त बोलत नाही. मले सवय नाही," ते म्हणाले. "लगन लागलं. दोघंबी माहे लेकरं हायेत. ह्या अक्षता मी आज नाही टाकत. पोरगी अठराची झाली की मी येईन अन् टाकीन. तवापर्यंत ते बापाच्या घरी राहीन, शाळेत जाईन. पाव्हणे, तुमी हो म्हना. तुमी हो म्हनेपर्यंत मी इथंच उभा हावो." आणि माइक काखेत धरून त्यांनी हात जोडले. अक्षता मुठीतच.

वरबाप बघतच राहिला. आमदार आत पाहिजे हा हट्ट त्याचाच होता; आता आमदार आत होता, आणि हलत नव्हता. मांडवातल्या म्हाताऱ्या बायांपैकी एकीनं मोठ्यानं म्हटलं, "हो म्हना ना बाप्पा! पंगत थंडी होऊन राह्यली!" माणसं हसली. वरबाप म्हणाला, "ठीक हाय. पन साहेब, तुमच्या अक्षतेबिगरचं लगन हाय हे. माह्या पोराले काही झालं तं ध्यानात ठेवा."

भाऊंनी रुमालाच्या टोकात अक्षता बांधल्या आणि गाठ मारली. बापूराव त्यांच्या शेजारून मान फिरवून निघून गेले.

*

"माह्या पोराले काही झालं तं." त्या वाक्यानं भाऊंना खाल्लं.

विरोधकांना आयतं मिळालं. ज्याच्या हातून अक्षता सुटत नाहीत, त्याच्या हातून काम काय सुटणार, असं भिंतीभिंतीवर रंगलं. अपशकुनी आमदार म्हणाले. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. भाऊंना त्याचं वाईट वाटलं असेल. दिसलं मात्र नाही, कारण त्यांची सगळी काळजी तिकडं पांढुर्ण्यात जिनिंगात काम करणाऱ्या त्या नवरदेवाकडं लागलेली होती. त्याला सर्दी झाली की भाऊंना ताप यायचा. जिनिंगात कापसाला आग लागते, पट्ट्यात हात जातो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तो रस्ता कसा ओलांडतो, सायकलला ब्रेक आहे का, हे ते जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचे.

आमदारकी गेल्यावरही दर आठवड्याला ते पांढुर्ण्याला जायचे. घरी सांगायचे, काम आहे. एकदा मी माहेराहून परतत होते, तर जिनिंगसमोरच्या चहाच्या टपरीवर भाऊ. पाळी सुटायची वेळ. पोरं बाहेर पडायला लागली तसे ते बाकाआड झाले. जावई बाहेर आला, डोक्यावर कापसाचा भुरा, धडधाकट. सरळ टपरीवर आला.

"काका, मी बरा हावो. तुमी चहा घ्या."

"मी सहज आल्तो," भाऊ म्हणाले.

"मागच्या आठवड्यातबी सहजच आल्ते." त्यानं दोन चहा सांगितले. "बाबा बोलते तसे. तुमी जिवाले लावून नका घेऊ."

भाऊंनी चहा प्याला. जाताना मात्र त्याच्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.

वहिनी त्या रुमालात कडुलिंबाचा पाला घालायच्या. पाला सुकला की बदलायच्या. "डाळ-तांदळाले एवढं जपलं असतं तं घरात कीड नसती लागली," म्हणायच्या, आणि गाठ पुन्हा घट्ट मारायच्या.

*

निर्मला अठराची झाली आणि तिला सासरी पाठवायचा दिवस आला, तेव्हा भाऊंना कोणी बोलावलं नाही. ते स्वतःच निघाले. वहिनींचे गुडघे धरलेले, म्हणून मला सोबत धाडलं. आम्ही मोहगावला इतक्या लवकर पोचलो की बापूरावांच्या घरी अजून सडा पडायचा होता. भाऊ चिंचेखाली बसले. तीच जागा.

"आत जाऊ ना," मी म्हटलं.

"थांब जरा." खिसा चाचपला. रुमाल होता. पुन्हा चाचपला.

दार उघडलं, तेव्हा बादली घेऊन बापूराव आले. त्यांनी चिंचेकडं पाहिलं. बादली खाली ठेवली. सायकलवर दोघं मिळून इतकं बोलले होते, की आता कुठून सुरू करावं कळत नसावं.

"बाहेर काऊन बसला?" शेवटी बापूराव म्हणाले. "आत दरवाजा नाही काय?"

निर्मला आली. उंच झाली होती, चेहरा भरला होता. मॅट्रिक झाली होती. नवरा न्यायला आला होता, तो तिच्या शेजारी उभा राहिला. भाऊंनी गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी बापूरावांनी दातांनी सोडवून दिली. रुमाल उघडला, तर आत तांदूळ नव्हताच. वहिनींच्या पाल्यालाही न जुमानता किडीनं त्याचं पीठ केलं होतं. हळदीचं पिवळं पीठ.

भाऊ ते पीठ बघत राहिले. मग दोघांच्या डोक्यावर त्यांनी रुमाल झटकला. पिवळा धुरळा उडाला आणि निर्मला शिंकली. मग नवरा शिंकला. मग निर्मला पुन्हा. बापूराव आधी हसले. मोठ्यानं, फेटा सावरत, भिंतीला धरून. दारात बापूरावांची धाकटी उभी होती, फ्रॉकमधली, दोन वेण्या घातलेली. तीही पोट धरून हसत होती. भाऊंनी तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

परतीच्या बसमध्ये पुढं जागा होती. भाऊ सवयीनं शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मीही मागं गेले. बापूरावांनी बांधून दिलेली बुंदी त्यांनी माझ्या मांडीवर सरकवली. मला वाटलं, आता या माणसाला झोप लागेल. किती वर्षांची झोप राहिली होती!

त्यांनी खिशातून तो रिकामा रुमाल काढला. त्याच्या टोकाला, आत काहीच नसताना, पुन्हा एक गाठ मारली.

"आता कोणाची, भाऊ?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मोहगाव मागं पडत होतं. एक हात पोटावर होता.